नावं ठेवणारे डॉक्टर

आमच्या डॉक्टरांना नावं ठेवायची सवय आहे. माणसांना नाही हो, आजारांना. माणसांना नावं ठेवायचं खातं घरात माझ्याकडे आहे आणि ते मी इतकी वर्षं चोख सांभाळलंय.

डॉक्टर म्हणजे माझा नवरा. लग्न झाल्यावर सुरुवातीला मी त्यांना चारचौघींसारखी 'अहो' म्हणून हाक मारायचे. पण दवाखान्यात येणाऱ्या सगळ्याच बायका त्यांना 'अहो' म्हणायच्या, त्यामुळे एकदा मी काहीतरी विचारायला आत गेले तर मान वर न करताच त्यांनी मला जीभ दाखवायला सांगितली. मी दाखवली. तेव्हापासून सगळी गल्ली म्हणते तसं मीही डॉक्टरच म्हणते.

दवाखाना आमच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून एक लांब बाक, वजनकाटा आणि दाराजवळ माझी खुर्ची. आत त्यांचं टेबल, तपासायचा पलंग, हात धुवायचं बेसिन आणि एक गोल स्टूल. त्या स्टुलावर जरा खात्यापित्या घरचा माणूस बसला की ते हळूहळू फिरत खाली जातं आणि बोलणं संपेपर्यंत पेशंटची हनुवटी टेबलाला टेकते. दोन खोल्यांच्या मधे दार नाही, पडदा आहे. पडद्याने दिसत नाही इतकंच, ऐकू सगळं येतं. खरोखर गंभीर काही बोलायचं असलं की डॉक्टर त्या माणसाला जिन्याने वर आमच्या स्वयंपाकघरात आणतात आणि मला म्हणतात, तू जरा बेकरीत जाऊन ये. त्यामुळे बेकरीत मी दिसले की गल्लीत सगळ्यांचे चेहरे उतरतात.

मी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर घरात बसून माश्या मारण्यापेक्षा दवाखान्याच्या दारावर बसायला लागले. रांग मोडून आत घुसणाऱ्याला ही बाई आजही ओणवं उभं करील अशी गल्लीला धास्ती आहे, आणि ती खोटी नाही.

नावांचं प्रकरण सुरू झालं ते बेकरीवाल्याच्या वडिलांपासून. तेव्हा भट्टी तेच सांभाळायचे. डॉक्टर नुकतेच शिकून आले होते, मिशीसुद्धा धड फुटली नव्हती आणि डोक्यात पुस्तकं ताजी होती. म्हातारबुवा पोट बिघडलं म्हणून आले. यांनी त्यांना तपासून आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, वर त्याचा अर्थही फोड करून सांगितला. आजार साधा होता. पण एवढं मोठं नाव असलेला आजार लहान कसा असेल? म्हातारबुवा घरी गेले, भिंतीकडे तोंड करून झोपले आणि मुलांना बोलावून निरवानिरव करायला लागले. भट्टी थंड पडली. सगळ्या गल्लीला पाव मिळेना, तेव्हा लोकांनी विचारलं, झालंय तरी काय? सगळ्यांची बोटं आमच्या घराकडे.

डॉक्टर धावत गेले, त्यांच्या पलंगावर जाऊन बसले आणि म्हणाले, काका, तुमचं आतडं रुसलंय, बाकी काही नाही. म्हातारबुवांनी कूस बदलली. रुसलंय? मग समजूत काढायची का? हे म्हणाले, तेच औषध, वेळेवर जेवा, त्याच्यावर ओरडू नका, येईल ताळ्यावर. दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली. आणि डॉक्टरांना उमगलं की आजाराला घरातलं नाव दिलं की माणूस त्याच्याशी घरातल्यासारखा वागतो, थोडा भांडतो, थोडं सांभाळून घेतो, पण घाबरून अंथरूण धरत नाही.

झालं. तेव्हापासून सुटलेच. पित्त झालं 'शेगडी'. खोकला 'कुत्रा', कारण रात्रभर भुंकतो आणि शेजाऱ्यांनाही झोपू देत नाही. दुखरा गुडघा 'बिजागरी'. साखरेच्या आजाराला नाव ठेवलं 'गोडबोल्या', समोर गोड आणि मागून घर पोखरणारा. लोकांनी ही नावं अशी उचलली की विचारू नका. बाकावर दोन आजीबाई बसून एकमेकींच्या गोडबोल्याची चौकशी करतात आणि नवखा माणूस समजतो की गावातल्या कुणा भामट्याबद्दल चाललंय.

पण गैरसमज नको. खोटं ते कुणाशी बोलले नाहीत. मोठं दुखणं असलं की वरच्या स्वयंपाकघरात खरं नाव, खरा धोका, सगळं स्पष्ट. घरातलं नाव नंतर, रोजच्या वापरासाठी.

सगळ्यात गाजलेलं नाव अर्धशिशीचं. समोरच्या दुकानातली शिंपीण पहिल्यांदा ते दुखणं घेऊन आली तेव्हा मी पडद्याअलीकडेच होते. ती सांगत होती, न सांगता येते, आली की दोन दिवस हलत नाही, उजेड चालत नाही, आवाज चालत नाही, कसल्याही वासाने कपाळाला आठ्या, आणि गेली तरी पुढचा दिवस अंग मोडून जातं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, म्हणजे नणंदच आली की. शिंपीण डोकं धरून हसली. आणि मी तोंड दाबून हसले, कारण माझी सख्खी नणंद, म्हणजे डॉक्टरांची धाकटी बहीण, त्या वेळी वर आमच्याकडे मुक्कामाला होती आणि खिडकीचा पडदा ओढून घ्या म्हणून ओरडत होती. तिच्या कानावर हे गेलं तेव्हा जो काही अबोला झाला तो झाला. पण नाव पडलं ते पडलं. अर्ध्या गावाला आता नणंद होते, नसलेल्यांनाही.

अशी वर्षं गेली. सायकल गेली, केस गेले, मिशी पांढरी झाली. जे यांच्या हातांवर जन्मले त्यांच्या पोरांना हेच लस टोचायला लागले. सत्तरी उलटली तरी सकाळी दवाखाना, दुपारी लोकांच्या घरी जाऊन पेशंट बघणं, संध्याकाळी पुन्हा दवाखाना. जिना चढताना ते मधेच थांबायचे आणि भिंतीवरचा रंग किती उडालाय ते बघतोय असं मला सांगायचे. रंग बघतायत म्हणे! मी काय दुधखुळी आहे? मला एकच हवं होतं, या माणसाने आता थांबावं. पोटच्या पोरासारखा तो दवाखाना त्यांनी सांभाळला, आता स्वतःला सांभाळावं. पण नुसतं बंद करा म्हटलं तर ऐकणार नाहीत हे मला ठाऊक होतं. कुणीतरी हातात घेणारं हवं होतं.

तेव्हा आमची भाची आली. त्याच नणंदेची मुलगी. मोठ्या शहरात शिकलेली डॉक्टर, हुशार, हाताला हलकी, बोलायला आगगाडी. डॉक्टरांनी तिला सांगितलं, माझ्याबरोबर बस, लोक आपणहून तुझ्याकडे यायला लागले की त्या दिवशी मी खुर्ची सोडतो. मी ते शब्द मनात गाठ मारून ठेवले. भाचीला शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं होतंच. तिला महिनाअखेर त्यांना हो की नाही ते कळवायचं होतं. म्हणजे तेवढ्यात गल्लीने तिला आपलं म्हटलं तर ती राहणार आणि माझा नवरा थांबणार. नाही म्हटलं तर ती जाणार आणि हे तसेच रंग बघत जिना चढत राहणार. इतकं सरळ गणित होतं.

गल्लीने काय करावं? लोक आत डोकावायचे, खुर्चीत भाचीला बघायचे आणि म्हणायचे, डॉक्टर नाहीत वाटतं, मग येतो नंतर. मी म्हणायचे, ही कोण आहे मग, पोस्टमन? त्यावर ते ओशाळं हसायचे आणि बाकावर बसून राहायचे, डॉक्टर येईपर्यंत. न्हावी तर दाढ सुजलेली घेऊन अख्खी सकाळ बसला.

आणि मग ते घडलं. मी त्या दिवशी दात दाखवायला गेले होते, डॉक्टर कुणाच्या घरी गेले होते, आणि भाची एकटी होती. शिंपीण आली. दुखणं इतकं होतं की डॉक्टरांची वाट बघायचंही त्राण नव्हतं. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "कालपासून नणंद आलीय. जीव नको झालाय."

भाचीने पेन खाली ठेवलं. शहरात तिला शिकवलं होतं की पेशंटच्या घरचं नीट ऐकून घ्यावं, अर्धं दुखणं तिथेच असतं. तिने विचारलं, "त्या किती दिवस राहणार आहेत?"

"एरवी दोन दिवस राहते. आता काय ठरवलंय तिने देव जाणे."

"तुम्ही मिस्टरांशी बोललात?"

"त्यांना काय कळतंय त्यातलं. ती आली की ते बाहेर जाऊन बसतात."

भाचीने तिचा हात हातात घेतला. खूप मायेने तिला समजावलं म्हणे. मनात कोंडून ठेवू नका, दोघी समोरासमोर बसा, तिला शांतपणे सांगा की हे माझंही घर आहे, पुढच्या वेळी आधी कळवून येत जा. आणि नवऱ्यालाही या बोलण्यात बसवा. शिंपीण अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी ऐकत राहिली. गोळी नाही, काही नाही, हात हातात. ती तशीच डोकं धरून घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी बरी झाल्यावर तिने ते सगळं दुकानात साभिनय करून दाखवलं. बेकरीवाला हसून हसून पिठात बसला.

गल्ली हसली ती हसली, पण त्यात भाचीचा पार निकाल लागला. पोरीला आपली भाषाच कळत नाही, तर दुखणं काय कळणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. वर माझ्या नणंदेचा, गोष्टीतली नणंद म्हणजे आपणच असं धरून, फोन, माझ्या मुलीला तिथे माझ्याशी समोरासमोर बसून बोलायचे सल्ले द्यायला लावताय का म्हणून. भाची रात्री जेवली नाही. मला म्हणाली, मामी, इथे माणसं आजारी पडत नाहीत, कोडी घालतात.

मी डॉक्टरांवर चांगलं तोंड सोडलं. नावं तुम्ही ठेवलीत, निस्तरा आता तुम्ही, शिकवा तिला. तर म्हणाले, शिकवायचं काय त्यात, ऐकता ऐकता येतं. मला त्यांचा राग आला, कारण त्यांच्या मिशीत हसू होतं. लोकांना आपल्याशिवाय करमत नाही याच्या त्यांना मनातून गुदगुल्या होत होत्या. सत्तरीतला माणूस, पण लाडावलेल्या पोरासारखा.

मग मी पुन्हा शाळेतली बाई झाले. दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर मटार सोलायला घेऊन भाचीला बसवलं आणि तोंडी परीक्षा सुरू केली. कुत्रा म्हणजे? शेगडी कधी पेटते? ती आधी कुरकुरली, मामी, हे काही शास्त्र नाही. मी म्हटलं, तुझ्या शास्त्राला इथे कुणी दार उघडत नाहीये, आधी दार उघडून घे. मग हळूहळू तिला गंमत वाटायला लागली. चूक झाली की मी तिला मटार खाऊ द्यायचे नाही.

सगळ्यात जास्त वेळ तिने घेतला तो छातीच्या दुखण्याला. छातीत डॉक्टरांनी दोघांना राहायला दिलंय. एक भाडेकरू, म्हणजे गॅस. दुसरे घरमालक, म्हणजे हृदय. भाडेकरू भांडखोर, उठसूट आरडाओरडा करतो आणि एक ढेकर दिली की गप्प. घरमालक सज्जन, वर्षानुवर्षं तोंडातून शब्द काढत नाहीत. म्हणून ते बोलले की हातातलं काम टाकून ऐकायचं, हे डॉक्टरांनी लहान पोरांनाही पढवलंय. भाचीने विचारलं, पण लोक फसत नाहीत का, मालकांना भाडेकरू समजत नाहीत का? मी म्हटलं, फसतात, म्हणून तर डॉक्टर लागतो. त्यावर तिने मटार न सोलताच खाल्ले.

त्यानंतर थोडा फरक पडला. घड्याळं दुरुस्त करणारे काका मुद्दाम तिची फिरकी घ्यायला आले आणि म्हणाले, बिजागरी कुरकुरतेय. तिने पापणीही न हलवता विचारलं, डावी की उजवी, आणि दार लावताना की उघडताना? काका खूश होऊन गेले. पण खऱ्या दुखण्याला लोक अजून डॉक्टरांचीच वाट बघायचे. महिना संपत आला. भाचीने एका संध्याकाळी शांतपणे सांगितलं की ती शहरात हो कळवणार आहे, परवा निघेल. डॉक्टर म्हणाले, बरं. नुसतं बरं! मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पावाला लोणी लावून द्यायचंही बंद केलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारची गोष्ट. बाक भरलेला. भाची वर सामान आवरत होती. डॉक्टर एकेकाला तपासून बाहेर सोडत होते. पेशंट गेला की ते हात धुतात आणि धुताना एक गाणं म्हणतात, सूर सोडून बाकी सगळं बरोबर असतं. त्या दिवशी नळाचा आवाज आला, गाणं आलं नाही. मग पडदा सरकला आणि डॉक्टर बाहेर येऊन बाकावर बसले, शिंपीण आणि बेकरीवाल्याच्या मधे. इतक्या वर्षांत त्या बाकावर ते कधी बसले नव्हते. आमचा अबोला विसरून म्हणाले, "अगं, जरा सोडा आण. भाडेकरू भांडतोय."

मी उठलेच. बाकावरचे सगळे लगेच डॉक्टर झाले. कुणी म्हणालं गरम पाणी द्या, कुणी म्हणालं दोन येरझाऱ्या घाला, बेकरीवाल्याने पाठीवर थाप मारायला हात उचललाही. जिन्यातून भाची उतरत होती, हातात घडी घातलेले कपडे. ती शेवटच्या पायरीवर थांबली आणि मामाकडे बघत राहिली. मग कपडे पायरीवर टाकून त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"जबडा का चोळतोयस, मामा?"

"दाढ असेल."

तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. तो ओला झाला. तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, "मामा, हा भाडेकरू नाही. घरमालक बोलतायत."

बेकरीवाल्याने उचललेला हात खाली घेतला. त्या वाक्याचा अर्थ तिथे प्रत्येकाला कळला होता. डॉक्टर म्हणाले, तुला काय कळतंय, माझी छाती मला माहीत. पण आवाजात जोर नव्हता.

"घरमालक बोलले की हातातलं काम टाकायचं, हे तूच सांगितलंस ना सगळ्यांना?" भाची म्हणाली. "मग टाक. आडवा हो."

आणि आमचे डॉक्टर, ज्यांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, ते त्या बाकावर आडवे झाले. सगळे उठून उभे राहिले होते, त्यामुळे जागा भरपूर होती.

पुढचं सगळं भाचीने केलं. गोळी चघळायला दिली, छातीला तारा लावून कागद काढला, फोन केला, आणि ज्याला जे काम जमेल ते त्याच्या अंगावर टाकलं. बेकरीवाल्याची गाडी रस्त्याच्या मधोमध उभी होती, ती त्याने काढली. न्हावी एका गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून नाक्यावर जाऊन उभा राहिला आणि वस्तरा हातात तसाच धरून त्याने सगळी वाहनं थांबवली. वस्तरा बघून कुणी हॉर्नही वाजवला नाही. अ‍ॅम्ब्युलन्स सरळ दारात आली. मी आत चढले तेव्हा माझ्या एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्यात शिंपिणीची होती.

हॉस्पिटलच्या त्या लांबलचक बाकड्यावर मी जी बसले ते मला आठवतं. मला रडू येत नव्हतं, नुसतं थंड वाटत होतं. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होते, की मी बोलणं टाकलं तेव्हाच का, दोन दिवस थांबता आलं नाही? भाची माझा हात धरून होती. संध्याकाळी आतल्या मोठ्या डॉक्टरांनी येऊन सांगितलं की तुंबलेली नळी मोकळी केलीय, आता ठीक आहेत, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. मग मात्र मी रडले, चांगली मोकळी होऊन रडले. भाचीही रडली. तिने त्याच बाकड्यावर बसून शहरात फोन लावला आणि येणार नाही म्हणून कळवून टाकलं. मला तिने विचारलंही नाही, आणि मी नाही म्हणेन अशी भीतीही तिला वाटली नाही.

डॉक्टर घरी आले. दवाखाना भाचीने उघडला, आणि पहिल्याच सकाळी बाक पुरेना. सगळ्यात पुढे शिंपीण. आत जाऊन म्हणाली, नणंद आलीय. भाचीने पडदे ओढले, गोळी दिली, आणि जाताना सांगितलं, पुढच्या वेळी ती दारात दिसली की लगेच गोळी घ्या, आत येऊन बसायची वाट बघू नका. मी वर जाऊन डॉक्टरांना सांगितलं, सोडा खुर्ची. ते म्हणाले, सोडली कधीच. आणि खरंच सोडली. त्यांनी एकदाही खाली जायचा हट्ट धरला नाही. मला आधी बरं वाटलं, मग नवल वाटलं, मग शंका आली. माणूस फारच शहाण्यासारखा वागत होता. गॅलरीत बसायचे, कुणी हाक मारली तर हात हलवायचे. जिन्याच्या दिशेने पाऊल टाकायचे नाहीत. तपासून घ्यायची वेळ आली तरी आज नको, उद्या.

शेवटी मी त्यांना दंडाला धरून खाली नेलं. त्यांनी रांगेत बसायचं ठरवलं. लोक पुढे जा म्हणाले तर ऐकेनात. पाळी आल्यावर आत गेले. स्टूल कुरकुरलं. मी माझ्या खुर्चीत, पडदा मधे.

"काय होतंय तुम्हाला?" भाचीने विचारलं. मामाला ती जन्मात कधी 'तुम्ही' म्हणाली नव्हती.

 मग डॉक्टरांचा आवाज आला, अगदी हळू. "दुखत काही नाही. भीती वाटते. जिना उतरताना वाटते, आंघोळ करताना वाटते. इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, घाबरू नका. मला कळतच नव्हतं मी काय सांगतोय ते."

  इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

भाची त्यांना घाबरू नका म्हणाली नाही. तिने विचारलं, "हिचं नाव काय ठेवलंयस तू?"

"हिला नाव नाही. भीती वाटते म्हणून कुणी आलंच नाही कधी. मनात ती असली तरी सांगायचे गुडघाच."

"मग आता ठेव."

"मी नाही," डॉक्टर म्हणाले. "आता नावं ठेवायचं काम तुझं."

ती विचार करत असावी. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"मग हिचं नाव मामी," ती म्हणाली.

बाकावर कुणीतरी फसकन हसलं आणि माझ्याकडे बघून गप्प झालं. आत भाची बोलतच होती, तिच्या आगगाडीने वेग घेतला होता. "जिन्यात मागे उभी राहते. मीठ किती घेतलं ते बघते. गोळी घेतली का विचारते आणि घेतली म्हटलं तरी डबी उघडून बघते. वैताग येतो तिचा. पण तू जगावास यापलीकडे तिला काही नको असतं. तिला घालवायला माझ्याकडे औषध नाही, मामा. तिच्याबरोबरच राहायचं."

 मग डॉक्टर हसायला लागले. आजारपणानंतर पहिल्यांदा, पोटातून, डोळे पुसत. मग बाक हसला. शिंपीण हसली, बेकरीवाला हसला, दारातून जाणारा न्हावी काही न कळताच हसला. मी आत जाऊन दोघांनाही फैलावर घेणार होते. पण मला उठवेना. कारण ते बाकावर आडवे झाले त्या दिवसापासून मीही रोज घाबरतच होते. ते झोपले की त्यांचा श्वास ऐकत बसत होते आणि कुणाला सांगत नव्हते.

आता गल्लीत तो शब्द रुळलाय. परवा शिंपिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा स्टुलावर बसून तिने चारचौघांत सांगितलं, कालपासून जरा मामी वाटतेय. बाकावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तिच्याबरोबर कोण जाणार ते तिथेच ठरवलं. पूर्वी तिने हे कुणाला सांगितलं नसतं. मी रागावल्याचं सोंग करते, पण फार वेळ टिकत नाही.

त्या दिवशी तपासणी झाल्यावर आम्ही दोघं वर निघालो. जिन्यात मधे डॉक्टर थांबले. मी म्हटलं, काय हो, रंग बघताय का? म्हणाले, "नाही गं. मामी मागे आहे ना, ते बघतोय."

मी मागेच होते.